जेफ्तामामांचा कोंबडा

मलावी सरोवरातल्या लिकोमा बेटावर कुणाचंही पत्र खासगी नसतं. बोट आठवड्याने येते, पत्रांची पिशवी चर्चमध्ये जाते आणि रविवारी प्रार्थना आटोपली की अंगणात एकेक नाव पुकारलं जातं. एनेलेसचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा बायकांनी जिभा वाजवून असा कल्ला केला की पोरीचं जमलं, हा निकाल तिथल्या तिथे लागला.

एनेलेस तेव्हा पंधराची. वर्गातल्या मुली पलीकडच्या मोठ्या शाळेत गेल्या होत्या. ही आजारी आईपाशी राहिली. बोलायला उरल्या त्या वाळत घातलेल्या मासळीवर टपलेल्या कोंबड्या. रेडिओवर पत्रमित्र हवा असलेल्यांचे पत्ते सांगत, त्यातला एक तिने उतरवून घेतला. फानुएल, देद्झाच्या डोंगरातला, वनरक्षकाचा मुलगा. त्याच्या शेजाराला पाइनची झाडं आणि माकडं. त्याने विचारलं, 'तुमच्या सरोवराचा पलीकडचा काठ दिसतो का?' तिने लिहिलं, 'दिसतो, पण तिथे माझ्या ओळखीचं कुणी नाही.' एवढ्यावर गट्टी जमली. प्रेमबीम काही नव्हतं. आईच्या खोकल्याची भीती वाटते हे तिला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि तो ऐकून घेत होता.

पण हे वायसनमामांना कोण समजावणार?

"पोरगा पत्रांवर पत्रं धाडतो आणि त्याचा मामा गप्प? आमच्या मुलीलाही मामा आहे म्हणावं!"

लग्नाची बोलणी मामाने मामाशी करायची. मुलाकडून कोंबडा, मुलीकडून कोंबडी अशी अदलाबदल होईपर्यंत पोरांनी एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही, आणि पत्र म्हणजे बोलणंच की!

"मामा, तो नुसता मित्र आहे हो," एनेलेस रडकुंडीला आली.

"मित्र? एवढ्या लांबचा? रॉकेल जाळून कुणी मैत्री करतं होय गं?"

असा मामांनी तिचा एकुलता एक सोबती मोठ्या थाटात काढून घेतला. अडचण एवढीच होती, की मामांचा चष्मा होडीतून सरोवरात पडला होता आणि सरोवर तो परत करील या भरवशावर त्यांनी नवा घेतला नव्हता. तेव्हा फानुएलच्या मामांना पत्र लिहायला बसवलं कुणाला? एनेलेसलाच.

उत्तर आलं. खाली नाव जेफ्तामामांचं, अक्षर फानुएलचं.

मग काय विचारता! मामा सांगत, "लिही, आमच्याकडे सगळं क्षेम." एनेलेस लिही, 'आमच्याकडे सगळं क्षेम, फक्त भाचीच्या आईला धाप लागते आणि भाची घाबरते.' उलट उत्तर येई, 'आमचा भाचा त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतो. बाकी माझे गुडघे दुखतात.' पहिलं वाक्य ती मनात वाची, गुडघे मोठ्याने.

कोंबड्याचं घोडं मात्र अडलेलंच. मामाने स्वतः आणून दिल्याशिवाय कोंबडा कुणी मानत नाही, आणि जेफ्तामामा पाण्याला भीत. वायसनमामांना डोंगर चढवत नसे.

"हट्टी आहे म्हातारा," मामा खुशीत म्हणत. "पण माणूस लाखात एक. लिही, गुडघ्यांना माशाचं तेल चोळ म्हणावं. बाटली धाडतोय."

रविवारी एनेलेसच्या आधी मामाच अंगणात हजर असत. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. मधे आई गेली. एनेलेस धक्क्यावर मंदासी, म्हणजे गोड पिठाचे गोळे, तळून विकायला लागली आणि गरम मंदासीवर फुंकर घालत गिऱ्हाइकं विचारत, "काय गं, कोंबडा निघाला का?"

"चालत येतोय," ती म्हणे.

मग वायसनमामाही गेले. मामाच नाही तर बोलणी कुणाची आणि पत्र कुणाचं? माती झाल्यावर तिने एवढंच लिहिलं, 'मामा गेले. आता मला लिहिता येणार नाही.' खाली पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं.

काही आठवड्यांनी बोटीवरून एक टोपली उतरली. आत प्रवासाने संतापलेला कोंबडा, सोबत चिठ्ठी. 'जेफ्तामामा पहिल्याच वर्षी वारले. सांगितलं असतं तर बोलणी धाकट्या मामांकडे गेली असती, आणि त्यांना गावातलीच मुलगी हवी होती. म्हणून मीच जेफ्तामामा होऊन लिहीत राहिलो. गुडघेही मीच दुखवले. तेल मात्र खरोखर चोळायचो, तुझ्या मामांनी एवढ्या प्रेमाने धाडलेलं. हा कोंबडा मागणीचा नाही. त्यांना कबूल केला होता, म्हणून.'

एनेलेस कढईशेजारी बसून हमसाहमशी रडली. आपल्या मामांवर दुसऱ्या कुणीतरी इतकी माया केली होती. मंदासी करपली.

बायका जमल्या. "अगं, मामा नसताना कोंबडा घेणार कोण?"

"मी," ती म्हणाली आणि टोपली उचलून मामांच्या दाराशी नेली.

"आणि मग?"

"मग पत्र लिहिणार. माझ्या नावाने. गुडघ्यांची चौकशी करायची आहे."