निळ्या गाडीवरचे ओरखडे

"पुढच्या जन्मी मी वॉर्डनबाईंची गाडी होणार," माझी रूममेट कुजबुजली. "रोज अंघोळ, वर मऊ टॉवेल!"

बाईंनी ऐकलं असावं, पण गाडी पुसणारा त्यांचा हात थांबला नाही. आमच्या कॅम्पसमध्ये वडाखाली गाडी ठेवली की वटवाघळं घाण करत, उन्हात ठेवली की रंग विटे, आणि कुठेही ठेवली तरी बॉनेटवर माकडं घसरत. बाई दिवसभर आपली निळी गाडी हलवत राहायच्या. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या तंजावरच्या मराठी, तमिळ हेल काढून मला लाडाने सांगायच्या, "कोरडं फडकं नाही लावायचं, कण्णा. आधी पाणी." मी "येस मॅडम" म्हणून सटकायचे. घरात मराठी असूनही ते माझ्या तोंडातच अडकायचं.

डिसेंबरच्या वादळात हॉस्टेलच्या रस्त्यावर झाड आडवं पडलं आणि त्याच सकाळी रूममेटला दम्याचा झटका आला. तिचे ओठ निळे पडले होते. बाईंनी आम्हा दोघींना मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी सरळ काटेरी झुडपांमधल्या पायवाटेवर घातली. दोन्ही बाजूंनी पत्रा किंचाळत होता. मी डोळे मिटले. बाई वेग कमी न करता एवढंच म्हणत होत्या, "श्वास घे, मा, श्वास घे."

आम्ही वेळेत दवाखान्यात पोचलो आणि रूममेट वाचली. दुसऱ्या सकाळी बाई बादली घेऊन गाडीपाशी होत्या आणि ते लांब पांढरे ओरखडेही तितक्याच हळुवारपणे पुसत होत्या.

मी जवळ गेले.

"मावशी," मी म्हणाले, "आज पाणी मी ओतू?"