अपर लिप करणाऱ्या बाई

दोऱ्याचं एक टोक दातांत धरूनच त्या बोलायच्या, त्यामुळे शब्द जरा चेपून बाहेर पडत. "मिशी बाप्यांना असते. आपल्याला अपर लिप."

महाडच्या एस.टी. स्टँडजवळ आमच्या इमारतीत, आमच्या समोरच्याच खोलीत त्यांचं पार्लर होतं. नव्वदनंतरची ही गोष्ट. नवरा वारल्यावर त्या परळहून माहेरगावी परतल्या, त्या हे काम आणि त्याचे शब्द घेऊनच. भुवयांना आयब्रो, हनुवटीला चीन. एका आजीने "चीनचा दोरा हाय काय ह्यो?" असं विचारलं, तेव्हा त्या न हसता म्हणाल्या, "दोरा इथलाच, आजी."

मला ते शब्द नाटकी वाटायचे. एकदा तसं म्हणालेही. वॅक्स ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "वहिनी, मिशी काढून येते असं सांगून कुणाला घराबाहेर पडता येतं का?"

उमरठच्या वरच्या वाडीतल्या एका मुलीला तिची आई घेऊन आली होती. लग्न ठरलं होतं. आई म्हणाली, "हिला दाढी येते गो ताई. कायमची घालव."

"दाढी नाही म्हणायचं. चीनवर केस आहेत. आणि काढते मी, घालवत नाही. परत येतात ते."

मुलगी लग्न होऊन वरंधला गेली. तिथून महिन्या-दोन महिन्यांनी यायची, पदर सावरून खाली मान घालून बसायची आणि निघून जायची. घरी काय सांगायचं, तेही बाईंनीच शिकवलं होतं. स्किनची ट्रीटमेंट.

एक दिवस तिची सासू आली. मी खुर्चीत होते. माझी एक भुवई झाली होती, एक राहिली होती.

"माझी सून हितं येते," ती दारातूनच म्हणाली. "कातडीचं औषधपाणी चाललंय म्हणतात. कोड हाय काय तिला? खरं सांगा. नायतर आजच माहेरी धाडते."

"कोड नाही हो. थ्रेडिंग असतं, कधी ब्लीच..."

"त्ये मला कळत नाय."

बाईंनी दातांतला दोरा काढला. खिडकीबाहेर एकवार पाहिलं.

"तिला मिशा येतात," त्या म्हणाल्या. "हनुवटीलाही येतात. मी दोऱ्याने काढते. बाकी काही नाही तिला."

सासू बाकावर बसली. मग तिने स्वतःच्या ओठावरून बोट फिरवलं.

"येवढंच? मग मेलीनं तसं सांगायचं ना. मला नायत काय त्या?"

ती गेल्यावर बाईंनी माझी दुसरी भुवई केली. ती पहिलीइतकी चांगली झाली नाही. "त्या पोरीसमोर तो शब्द मी कधी काढला नव्हता," एवढंच त्या म्हणाल्या.

सून पुढेही येत राहिली. सासू पुन्हा आली नाही. हिवाळ्यात सुनेच्या हाती वालाच्या शेंगा मात्र पाठवल्या.

काही वर्षांनी बाईंच्या मुलाला पनवेलला नोकरी लागली आणि तो त्यांना घेऊन गेला. खोलीला कुलूप लागलं.

पुढच्याच महिन्यात, भर उन्हात, एक अनोळखी बाई जिना चढून आली. पोलादपूरच्या गाडीने आले म्हणाली. पदर नाकापर्यंत ओढलेला. ती कुलपाकडे पाहत राहिली. बाई आता इथे नसतात, असं मी सांगितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

तिने तांब्याकडे पाहिलं. ओठांवरचा पदर हाताने आणखी घट्ट धरला.

"नको," म्हणाली, आणि जिना उतरून गेली.