माडीवरची घोंगडी

दुपारी माडीवरच्या खोलीचं दार उघडलं की आधी लोकरीचा वास येतो. उन्हात तापलेला, धुराचा, सुकल्या गवताचा, थोडासा मेंढरांच्या अंगाचा. भिंतींच्या ताज्या चुन्याचा गंध त्याच्यामागून संकोचत येतो. खोली रिकामी आहे. कोपऱ्यात घडी घातलेली एक काळी घोंगडी, तेवढीच. मी उंबऱ्यावर थांबतो, आत जात नाही. थकवा पायांचा असता तर घटकाभर बसून गेला असता. हा कुठला, ते तुम्हाला सांगितल्यावाचून मला स्वस्थता नाही.

वडवणीतल्या आमच्या कॉलनीत दरवर्षी स्नेहमेळावा भरतो आणि निवृत्त मास्तर म्हणून त्याचं लोढणं माझ्या गळ्यात. मोकळ्या प्लॉटवर मंडप पडतो, प्रत्येक घरातून एक पातेलं येतं. कुणाचे धपाटे, कुणाचा शीरखुर्मा, कुणाच्या पुरणपोळ्या; तांड्यावरच्या बायांची गाणी, हलगी, कव्वाली. किती रंग, किती सूर! वर्षातून एक संध्याकाळ आम्ही सारे किती विशालहृदयी असतो म्हणून सांगू! उरलेल्या दिवसांचं काय, हा प्रश्न आम्ही सतरंज्यांबरोबर गुंडाळून ठेवतो. इतकी वर्षं तेच करतोय, आणि खरं सांगतो, आता कंटाळा आलाय.

यंदा तरुण मंडळींनी कार्यक्रमात एक शपथ ठेवली होती: घर भाड्यानं देताना जात विचारणार नाही, धर्म विचारणार नाही. वाचायची अर्थातच मी. तलवाड्याकडचे बिरूआप्पा, मेंढपाळ माणूस, ढोल घेऊन आले होते. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून व्यासपीठावर अंथरली. धनगराच्या घरी घोंगडीइतकं पवित्र आसन नाही. ती ज्याच्यासाठी अंथरली, त्याचा मान मोठा. "बसा गुर्जी, देवाची बैठक हाय," ते म्हणाले. मी ऐसपैस बसलो, आणि तिच्यावर बसूनच खणखणीत आवाजात शपथ वाचली. टाळ्या काय विचारता!

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या दारात. बरोबर लेक, सुमन. पोरगी नर्स झालेली, इथल्याच दवाखान्यात नवी नेमणूक. कामाची पाळी सुटेपर्यंत तिकडची एसटी निघून जाते आणि गावात चार घरांनी तिला आधीच वाटेला लावलेलं. "आठ दिसात खोली न्हाई भेटली तर नोकरी सोडावी लागंल, गुर्जी," आप्पा म्हणाले. "तुमची माडी रिकामीच हाय म्हनं. लई आशेनं आलोत."

मी म्हणालो, "घरात विचारून सांगतो."

काय वाक्य आहे पाहा! किती मृदू, किती सुसंस्कृत, कुठे काटा म्हणून नाही! आणि त्याचा अर्थ मात्र आमच्याकडे कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. मी जात विचारली नाही. विचारायची गरजच काय होती? शपथ अक्षरशः पाळली, वा रे गुरुजी! माझ्या डोळ्यांपुढे मात्र ओट्यावर पसरलेले त्यांचे पाहुणे, अंगणात बांधलेली करडं आणि शेजाऱ्यांच्या वर गेलेल्या भुवया नाचत होत्या. सुमननं एकदाच जिन्याकडे पाहिलं. आदल्या दिवशीच्या आवराआवरीत आमच्याकडेच राहिलेली घोंगडी मागायचंही भान दोघांना राहिलं नाही.

पंधरा दिवस गेले. एका सकाळी सौभाग्यवती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ती नर्स पोरगी परत आली नाही का हो? मी म्हटलं, माडी झाडून ठेवावी." मी चाचरलो. तुला आवडलं नसतं म्हणून, असं काहीसं पुटपुटलो. तिनं सूप खाली ठेवलं. "मला विचारलं होतंत? माझं नाव पुढे करून आजवर किती जणांना परत पाठवलंत?"

किती? एक मुसलमान शिक्षक आठवले, नवीन लग्न झालेले. नवऱ्यापासून वेगळी राहणारी एक अंगणवाडीताई आठवली. प्रत्येकाला मी हेच वाक्य हसतमुखानं दिलं होतं, आणि या सगळ्यांच्या नजरेत माझी बायको किती कोत्या मनाची ठरली असेल! पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला तिच्यापुढे स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

त्याच दिवशी तिनं पदर खोचला, खोली झाडली, गडी बोलावून चुना मारून घेतला. मी घोंगडी खांद्यावर टाकून आठवडी बाजार गाठला. आप्पा मेंढरांच्या गर्दीत उभे होते. खोली तयार आहे, सुमनला घेऊन या, मी धापा टाकत म्हणालो.

"तिनं सोडली की वो नोकरी," आप्पा शांतपणे म्हणाले. "मुदत सरली. आता येती माज्यासंगं मेंढरामागं."

मी घोंगडी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. नुसता हात फिरवला तिच्यावरून, मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा. रागाचा लवलेशही नव्हता हो त्या माणसाच्या आवाजात, तेच सोसवेना. "ऱ्हाऊ द्या, गुर्जी. खोली सारवून रिकामी ठिवू न्हाई. लेकीला न्हाई, निदान घोंगडीला तरी तुमच्यात जागा झाली."

आता पुढच्या मेळाव्याची बोलणी सुरू झाली आहेत. शपथ गुरुजीच वाचणार, असं पोरांनी परस्पर ठरवूनही टाकलंय. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. बायको मात्र रोज सकाळी माडीची खिडकी उघडून येते, कुणी येईल म्हणून. आणि दुपारी मी दार उघडतो, तो वास येतो, आणि मी उंबऱ्यावरच उभा राहतो. साऱ्या गावासमोर जिच्यावर मी ऐसपैस बसलो, त्या घोंगडीवर माझ्याच घरात मला बसवत नाही.