काविळीची माळ

गिरगावातल्या खोताचीवाडीतला ॲलॉयशियस परेरा लहानपणी आईने मासा चिरायला घेतला की तिथून हलत नसे. आतलं हे काय आणि ते कशाला, असं विचारून तो तिला भंडावून सोडी. परळच्या इस्पितळात सर्जन झाल्यावरही त्याची ही खोड सुटली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळ्या लागलेली माणसं त्याने वाचवली, गिरणगावात नाव झालं. पण गोळी काढण्यात त्याला फारसं कुतूहल नव्हतं. ती कुठून आली हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्याचा जीव अडकला होता स्वादुपिंडात. जठरामागे दडून बसलेला हा अवयव. तिथल्या कॅन्सरने पित्ताची वाट अडवली की माणूस पिवळाधमक होतो, अंग खाजतं, पण सुरुवातीला दुखत फारसं नाही. गाठ लहान असेल तर काढता येते, असं परदेशी मासिकं सांगत. परेराकडे येणाऱ्यांची मात्र पसरलेली असे. पोट उघडायचं आणि तसंच शिवायचं. वेळेवर आलेला एक तरी रोगी मिळावा, हा त्याने ध्यासच घेतला.

उशीर का झाला, असं विचारलं की बरेच जण एकच नाव घेत: लालबागच्या राधाबाई. त्या औषधी झाडाच्या मुळ्यांच्या तुकड्यांची माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवत. माळ सैल होत होत गळ्यात आली की कावीळ उतरली, असा चाळीचा विश्वास. सहकारी म्हणाले, बाईला पोलिसांत द्या. हा पठ्ठ्या उठून थेट तिच्या खोलीवर गेला.

साधी कावीळ आपली आपण बरी होते आणि श्रेय माळेला जातं, हे त्याला कळत होतं. पण वाद न घालता त्याने माळ उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, माळ उतरूनही पिवळेपणा राहतो, अशी माणसं येतात का? येतात, राधाबाई म्हणाल्या, त्यांना दुसरी माळ देते. त्यांना माझ्याकडे धाडा, असं त्याने विनवलं. माझी माळ खोटी पडली हे मीच चाळीला कसं सांगू, असं म्हणून त्यांनी चहा पुढे केला.

दिवाळी गेली, कोणी आलं नाही. मग एक दिवस राधाबाई स्वतःच आल्या. सोबत धाकटा भाऊ गुणाजी, हळदीत बुडवल्यासारखा, गळ्यात दुसरी माळ. परेराने लपवाछपवी केली नाही. ऑपरेशन झेपेलच असं नाही, हे दोघांना सांगून टाकलं. आत गाठ नुकती पसरू लागली होती. त्याने हिंमत करून ती काढली, पण गुणाजी आठवडाभरात गेला.

परेरा खचला. ही बाई आता इस्पितळाची पायरी चढणार नाही आणि चाळीतल्या कुणाला चढूही देणार नाही, हे त्याने मनाशी धरूनच टाकलं.

शिमगा आटोपला आणि एका सकाळी राधाबाई त्याच्या दारात उभ्या. शेजारी कौसल्या नावाची गिरणीत काम करणारी बाई, डोळे जेमतेम पिवळे.

"भावाक मी म्हयनोभर घरात बसवून ठेवलंय," राधाबाई म्हणाल्या. "हिका आज सकाळीच बघितलंय, तशीच घेऊन इलंय."