डोळे राहिलेलं चित्र

कर्वेनगरच्या आमच्या चित्रकलेच्या क्लासमध्ये सर टॅबलेटवर शिकवतात. काढलेली प्रत्येक रेष टॅबलेटमध्ये साठते. रिप्ले लावला की चित्र पहिल्यापासून पुन्हा उमटतं आणि हात कुठे चुकला ते सर दाखवतात.

माझ्या शेजारी बसणाऱ्या काकू वारल्या, तेव्हापासून त्यांचे यजमान येतात. त्यांचं नाव विचारायचं माझं धाडस झालं नाही. काकूंच्या रिकाम्या खुर्चीसमोर ते टॅबलेट ठेवतात, रिप्ले लावतात आणि पलीकडे बसून, कॉलर सारखी करून, हनुवटी उचलून स्तब्ध होतात. स्क्रीनवर त्यांचाच चेहरा उमटू लागतो. डोळ्यांपाशी रेष थांबते. काकूंनी काढायला घेतलेलं यजमानांचं चित्र तेवढंच झालं होतं.

"काढले का डोळे?" मान न हलवता ते मला विचारतात.

"नाही, काका."

एकदा मी धीर करून म्हटलं, "सर पूर्ण करून देतील की."

"सरांना मी कसा दिसतो, ते घेऊन काय करू? हिला कसा दिसायचो, तेवढं बघायचंय."

मी पाणी प्यायला उठले.

"जरा बाजूला व्हा," ते हलकेच म्हणाले, "तिच्या उजेडात येताय."

मी बाजूला झाले. खुर्चीकडे मात्र पाहिलं नाही.