ते वाक्य हर्षदाने काढलं नव्हतं

हर्षदा चुरीबद्दल लिहायचं मी दोन वर्षं टाळत आलो. ती होती तेव्हा धीर झाला नाही, आणि ती गेल्यावर वाटलं, आता कुणासाठी लिहायचं? पण केळव्याला तिची आई आहे, आणि आपल्या मुलीबद्दलची एक खोटी गोष्ट ती अजून खरी मानते.

तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी आयुष्यभर यंत्रं कशी चालवायची याच्या सूचना लिहिल्या. निवृत्तीनंतर बोईसरमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मजकूर तपासायला जाऊ लागलो. हल्ली कंपन्या प्रोग्रामिंगचं बरंचसं काम एआय एजंटांवर सोपवतात. ते स्वतःच कोड वाचतात, बदलतात, चालवतात. एजंटाला कोडच्या साठ्यात शिरू देण्याआधी तिथे कुणी पासवर्ड उघडे टाकलेत का, त्याला फसवणाऱ्या सूचना दडवल्यात का, हे आमचं साधन तपासायचं. ते वापरायचं कसं, हे हर्षदा लिहायची. आणि तिचे वाचक होते खुद्द एजंट.

म्हणून तिला एक खोड लागली होती. कुणी लिहिलेलं वाक्य ती जसंच्या तसं पाळून दाखवायची. पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत, सफाईदार इंग्रजीत लिहिलं की गरज वाटल्यास पुन्हा तपासणी करावी. तिने ते वाचलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि हाताची घडी घालून नुसती बसून राहिली.

"काय झालं?"

"काय नाय काका. गरज वाटायची वाट बघतेय."

पलीकडच्या टेबलावरून आमचा प्रोग्रामर यादव हसला, "लो, मॅडम फिर रोबोट बन गयी!"

"हस तू," ती म्हणाली. "काका, तुमचा कारखान्यातला ऑपरेटर अडला की डोकं खाजवत तुमच्याकडे यायचा. हा एजंट येनार नाय. लिवलंय तेवढंच करील."

तिच्या घरची पानवेलींची वाडी. बोलणं तिखट, पण डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवायची. माझी साखर वाढली की रागवायची, आणि यादवच्या वाढदिवसाचा पेढा मात्र गुपचूप हातावर ठेवायची. "अर्धाच हां. आनि घरी सांगू नका."

साठा फार मोठा असला, तर आमची तपासणी मध्येच थांबायची, आणि झालेल्या भागापुरतं 'धोका आढळला नाही' असं उत्तर यायचं. म्हणून हर्षदाने वापराच्या सूचनांच्या पानावर अगदी वर लिहून ठेवलं होतं: तपासणी पूर्ण झाली का ते आधी पाहा, नसेल तर थांबा आणि माणसाला विचारा. सुरुवातीलाच अपशकुन केल्यासारखं ते वाक्य मला खटकायचं.

एकदा तिची आई पालघरला दवाखान्यात होती आणि हर्षदा रजेवर. एका ग्राहकाला ते पान द्यायचं होतं. आमचा मालक नीलेश म्हणाला, "काका, जरा स्पेलिंग बघून घ्या." किरकोळ दुरुस्त्यांसाठी हर्षदाने स्वतःचा पासवर्ड मला देऊन ठेवला होता. दुसऱ्यांचे उघडे पासवर्ड शोधणारी ही मुलगी! "तुमच्यापासून काय लपवायचं?" म्हणाली होती. मी तिच्या नावाने आत शिरलो आणि ते वाक्य काढून टाकलं. अर्धी तपासणी म्हणजे अर्धीच, हे काय सांगायला हवं? जन्मभर माणसांसाठी लिहिलं होतं मी. तिला सांगायचं राहिलं.

ग्राहकाच्या एजंटाने अर्ध्या तपासणीवर भरवसा ठेवला. न तपासलेल्या भागात दडवलेली सूचना त्याने इमानेइतबारे पाळली आणि त्या ग्राहकाचे पासवर्ड बाहेर धाडले. नीलेशने आम्हाला समोर बसवलं. बदलांच्या नोंदीत हर्षदाचं नाव होतं. रजेतही ती दवाखान्यातून अधूनमधून काम करायची, आणि तिचा पासवर्ड माझ्याकडे आहे हे नीलेशला ठाऊक नव्हतं.

"काका, तुम्ही पाहिलंत तेव्हा वाक्य होतं का?"

"लक्षात नाही," मी म्हणालो.

हर्षदाने माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हाच सगळं कळलं. मी समोरच्या चहावर आलेली साय बघत राहिलो.

"माझ्या नावावर हाय ना?" ती नीलेशला म्हणाली. "मग माझंच."

संध्याकाळी रिक्षा स्टँडवर ती एवढंच म्हणाली, "काका, मला वाटलं तुमी बोलाल."

तिची नोकरी गेली. पुढे जिथे अर्ज करावा तिथे तो किस्सा तिच्याआधी पोहोचलेला असायचा. ती केळव्याला वाडी बघू लागली. मी एकदा गेलो होतो, सांगायचंच असं ठरवून. तिने शहाळं फोडून दिलं, माझी साखर विचारली. मी नातवंडांच्या गमती सांगितल्या आणि उठलो. पुढच्या पावसाळ्यात डेंग्यूने ती गेली.

भेटायला गेलो तर तिची आई ओटीवर बसली होती. "पोर लय हुशार, भाऊ. पन ती चूक तिला खात रायली. ती तुमाला लय मानायची. तुमी सांगा, एवढी कशी चुकली ती?"

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो.

त्या माउलीने मान डोलावली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

तिला थांबवून मला म्हणायचं होतं: वहिनी, तुमची हर्षदा चुकली नव्हती. ते वाक्य मी काढलं, आणि विचारल्यावर खोटं बोललो. हर्षदा, मला माफ कर.