कामठ्याचा जावई चौथीत नापास

“नापास झाला ना? मंग बसवा याले चौथीत,” पाटील म्हणाले. समोर त्यांचा होणारा जावई उभा होता. धिप्पाड, मिशीवाला.

गोष्ट इंग्रजांच्या काळातली. चिचगडच्या शाळेत मी हेडमास्तर होतो. म्हणजे हेड मी आणि मास्तरही मीच. पाटील शाळा कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या शेवंताला कामठ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा चौथी पास, असं मध्यस्थ सांगत होता. याच मध्यस्थाच्या शब्दावर पाटलांनी पूर्वी म्हैस घेतली होती आणि ती लाथाळ निघाली. म्हणून या वेळी परीक्षा, आणि तीही त्यांच्या देखत.

मी वार्षिक परीक्षेचा पेपर काढला. गडी घामाघूम झाला. बाराचा पाढा साताशी अडला. वैनगंगा त्यानं थेट मुंबईला नेली.

नापास झालेला त्याच वर्गात बसतो, हा नियम गावाला पाठ होता. दुसऱ्या दिवसापासून जावई चौथीच्या पोरांत टाटपट्टीवर. हजेरीला पोरं ओरडत, “जावई!” आणि तो बिचारा “हजर” म्हणे.

एका दुपारी शेवंता आली. घरच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, तीच बघायची, त्यामुळे बोलणं रोखठोक.

“गुर्जी, मले हाच पसंत हाय. मी का त्याच्यासंगं पाढे म्हणत बसू? बाबा काही सालभर थांबत नाहीत, उद्या त्याले कामठ्याले वापस धाडतीन. काहीतरी करा.”

मला तिची कणव आली. मग ट्रेनिंगमध्ये शिकलेलं आठवलं. वार्षिक परीक्षा फक्त पास की नापास ते सांगते. दुसरी असते डायग्नॉस्टिक टेस्ट. तिच्यात मार्क नसतात. वैद्य पोट दाबून ‘इथं दुखतं का?’ विचारतो, तसं गडी नेमका कुठं अडतो ते शोधायचं.

पाटील शेतावर गेल्यावर मी जावयाला बोलावलं. पाढा सुरळीत. वैनगंगाही मुकाट्यानं गोदावरीच्या वाटेला लागली. मी चकित.

तेवढ्यात दारात पाटील खाकरले.

“बारा साते...” जावयाचं तोंड उघडंच राहिलं.

पाटील तंबाखू थुंकायला बाहेर गेले.

“चौऱ्याऐंशी.”

पाटील आत आले. पुन्हा तोंड उघडं.

“कायच्यात कच्चा हाय हा?” पाटलांनी विचारलं.

“तुमच्यात,” मी म्हणालो.

पाटलांनी माझ्यावर डोळे वटारले. मलाही त्या वेळी पाढा आठवला नसता.

“मंग याले इलाज?”

“मी पुन्हा पेपर घेतो. तो होईस्तोवर तुम्ही बाहेर चिंचेखाली बसा.”

ते बसले. जावई पहिल्या नंबरानं पास झाला, चौथीच्या पोरांना मागे टाकून. त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं.

पोरगा अडला, तर त्याचं डोकं तपासण्याआधी समोर कोण बसलंय ते बघावं. इन्स्पेक्शनला डिप्टीसाहेब आले की माझी हुशार पोरं मुकी का होतात, हे मला तेव्हा कळलं. पण डिप्टीसाहेबांना चिंचेखाली बसवण्याची सोय सरकारनं ठेवली नव्हती.